डोंगर, झेंडा, शिडी

आमच्या घरी सकाळ व्हायची ती शेजारच्या बारकू काकांच्या काठीने. आधी त्यांच्या दाराची कडी वाजायची, मग दगडी पायरीवर टक्क, मग सारवलेल्या अंगणात ठप्प, ठप्प, थेट विहिरीपर्यंत. आई चुलीपुढे तांदळाची भाकरी थापत असायची. काठी वाजायला लागली की तिचा हात थांबायचा, आणि काठी लांब गेली की परत चालू व्हायचा. माझा दादा जागा असला तरी गोधडीत तोंड घालून पडून राहायचा. काठी परत येऊन कडी लागेपर्यंत आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. मी लग्न होऊन उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये आले तेव्हाही ते तसंच चालू होतं. इथे माझ्या खोलीखाली शिलाईची मशीनं दिवसभर घरघरतात, पाण्याचा टँकर आला की बायका भांडतात, आणि तरी पहाटे जाग आली की मी अजून त्या काठीची वाट बघत पडते. म्हातारपणी झोप तशीही कमीच.

हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. वाचते बरं, लिहायला मात्र वेळ लागतो, बोटं दुखतात. पण मध्यंतरी एक गोष्ट कळली, आणि तेव्हापासून ती सगळी वर्षं मला पुन्हा एकदा ओळीने मांडून बघावीशी वाटतायत. मांडून काही बदलत नाही, हे मलाही कळतं.

काठीच्या आधीचे दिवस मला चांगले आठवतात. बदलापूर गावात आमचं आणि बारकू काकांचं अंगण एकच होतं. काका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. वडील लवकर गेले, त्यामुळे घरात आई, दादा आणि मी. शेत थोडं, भात निघायचा तो दिवाळीनंतर काही महिने पुरायचा. काका नदीवर जाळं टाकायला गेले की त्यांचं पहिलं वाटप आमच्या ताटात पडायचं. काकू वालाचं बिरडं करायची तेव्हा अख्ख्या आळीभर वास सुटायचा आणि ती तिकडूनच ओरडायची, "अगो, टोप घेऊन ये, नायतर उरणार नाय." दादाला पोहायला काकांनीच शिकवलं होतं, कमरेला दोर बांधून. दादा बुडायला लागला की काका काठावरून म्हणायचे, "मर नको रं, तुझी आयस मना ठेवणार नाय."

मी चौथीनंतर शाळा सोडली. पाचवीची शाळा लांब होती, इंग्रजीही पाचवीपासूनच सुरू व्हायचं, आणि आईला घरात हात हवा होता. मग मी धागे कापायचं काम धरलं. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून शिवलेल्या पँटींचे गठ्ठे यायचे, त्यांचे लोंबणारे धागे कापून, घडी घालून, नंबराप्रमाणे लावून परत पाठवायचे. अठ्ठावीस, तीस, बत्तीस, चौतीस. पट्ट्यांवर ते आकडे इंग्रजीत असायचे. तेवढे इंग्रजी आकडे मी त्या पँटींवरून शिकले. अक्षरं नाही, नुसते आकडे. तीसचा आकडा तर मला अंधारातही बोट फिरवून ओळखता आला असता, कारण तीस नंबराच्या पँटी सगळ्यांत जास्त यायच्या. तेव्हाचे पोरगे बारीकच असायचे.

दादा आधी अंबरनाथला एका कारखान्याचा टेम्पो चालवायचा. त्या कारखान्याच्या फाटकाला पाटी होती, आत शिरलं की ताशी तीस किलोमीटरच्या वर गाडी न्यायची नाही. दादा पहिल्या आठवड्यात एकदा जोरात गेला तर तिथल्या साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर खाली उतरवलं होतं. तेव्हापासून तीस हा आकडा दादाच्या अंगात भिनला. रस्त्याला कितीही पळव, पण माणसांची वस्ती आली की काटा तीसवर आणायचा. तो आम्हाला सांगायचा, "तीसला माणूस आडवा आला तरी गाडी थांबते. मी बघितलाय करून." घरात जेवताना आईने भात भराभर वाढला तरी तो म्हणायचा, "आये, तीसन वाढ."

मग त्याला परसूशेठ भेटले. कॅम्प तीनमध्ये त्यांचं कापडाचं दुकान होतं, माझे गठ्ठे तिथूनच यायचे. फाळणीत घरदार सोडून आलेला तो माणूस, हिशोब सिंधीत लिहायचा, आमच्याशी हिंदीत बोलायचा. त्यांच्या घरी गेलं की आधी पापड आणि पाणी समोर यायचं, मग बोलणं. शेठनी कुठूनशी एक जुनी विलायती मोटार घेतली होती. काळी, लांब, पुढे चांदीसारखी जाळी. ती ते लग्नाला भाड्याने द्यायचे आणि त्यांना एक भरवशाचा ड्रायव्हर हवा होता. दादाने टेम्पो सोडला.

ती गाडी म्हणजे आमच्याकडची नवलाई होती. तिच्याबद्दल एक गोष्ट सगळीकडे पसरली होती, की ती कमी काट्यावर जास्त पळते. एस.टी.चा काटा पन्नासवर असतो तेव्हा जेवढी झाडं मागे पडतात, तेवढी हिचा काटा तीसवर असतानाच पडतात. शेठ छाती काढून सांगायचे, "साईं, ये विलायती माल है. दूसरी गाडी पचास में जो करती है, ये तीस में करती है." लोक माना डोलवायचे. दादाही डोलवायचा. विलायतेचं यंत्र, विलायतेचं तेल, काहीतरी असेल. एक दोघांनी तर त्या गाडीच्या नावाने पैजा लावल्या होत्या. आता लिहिताना मला हसू येत नाही, पण तेव्हा आम्ही सगळे त्या गोष्टीवर फार खूश होतो.

त्या दिवशी गावात लग्न होतं. नवरदेवाला आणायला जाण्याआधी गाडी सजवायची म्हणून दादा ती गावात घेऊन येत होता. मी सकाळी गठ्ठे पोचवायला कॅम्प तीनला गेले होते. दादा म्हणाला, चल, आज गाडीतून ये. मागच्या सीटवर झेंडूच्या माळांच्या टोपल्या होत्या, म्हणून मला पुढे बसावं लागलं. मोटारीत पुढे बसण्याची ती माझी पहिली वेळ. रस्त्यावरचे लोक आत बघत होते. मला लाज वाटत होती, म्हणून मी बाहेर बघतच नव्हते, समोरच्या गोल काचेकडे बघत होते. पांढऱ्या चकतीवर काळे आकडे, एक लाल काटा, आणि आकड्यांच्या खाली तीन इंग्रजी अक्षरं. ती मला वाचता येत नव्हती, पण बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी त्यांचीच चित्रं करत बसले. पहिलं म्हणजे दोन शिखरांचा डोंगर. दुसरं म्हणजे काठीला लावलेला झेंडा. तिसरं म्हणजे एकाच पायरीची शिडी. अंबरनाथपासून गावापर्यंत मी मनात म्हणत होते, डोंगर, झेंडा, शिडी.

गावाची कमान आली तसा दादा म्हणाला, "बघ, आता तीस." आणि काटा खाली येऊन तीसवर थांबला. मी बघितला. पँटीवरचा तोच तीस. वाऱ्याने माझा पदर खांद्यावरून उडत होता, तो मी दाताखाली धरला होता. विहिरीच्या वळणावर पेंढ्याची उडवी होती. तिच्यामागून बारकू काका डोक्यावर गवताचा भारा घेऊन निघाले. भाऱ्यामुळे त्यांना बाजूचं काही दिसत नव्हतं. दादाने पाय दाबला, मी समोर आपटले, टोपल्या पुढे आल्या, आणि गाडी थांबली ती काकांच्या पुढे जाऊन. आवाज फार मोठा झाला नाही. गवत सगळीकडे उडालं होतं आणि त्यात झेंडूची फुलं. काका खाली बसल्यासारखे पडले होते आणि स्वतःच्या पायाकडे बघत होते. पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता. दादा धावत गेला तर काका आधी त्यालाच म्हणाले, "तुला लागला नाय ना रं?"

दादानेच त्यांना त्याच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. पाय राहिला, पण सरळ झाला नाही. काका महिनाभर खाटेवर होते तोवर दोन्ही घरं एकच होती. आई त्यांच्याकडे पेज घेऊन जायची, दादा त्यांना उचलून बाहेर न्यायचा. बिघडलं ते नंतर. एका दुपारी काका दादाला म्हणाले, "पोरा, झाला ता झाला. पण गाडी लय जोरान आणलीस तू."

दादा म्हणाला, "नाय काका. तीसला व्हतो."

"तीस बीस मना कळत नाय. मी भाऱ्याखालून आवाज ऐकला आनि पाय उचलला, तवर तू अंगावर व्हतास. तीसला माणूस बाजूला व्हतो."

"तेच सांगतो मी. तीसलाच व्हतो."

"मग मी खोटा बोलतंव?"

तिथे दादाने हो ला हो केलं असतं तर संपलं असतं. पण त्याला खरंच वाटत होतं की तो तीसला होता, आणि तीस हीच तर त्याची सगळी अब्रू होती. काकांना पैसे नको होते, शेठनी देऊ केले तेही त्यांनी परत पाठवले. त्यांना एवढंच हवं होतं की दादाने म्हणावं, मी जोरात होतो. पुढे ते प्रत्येकाला हेच सांगायचे. "मना काय नको. येवढाच बोलू दे त्याला, जोरान व्हतो. मी त्याला डोक्यावर घेऊन नाचंन, एका पायावर."

शेवटी गावच्या चार लोकांनी दोघांना गावदेवीच्या मंडपात बसवलं. बायका खांबांच्या मागे उभ्या होत्या, त्यात मीही. गावातले एक एस.टी. ड्रायव्हर होते, त्यांनी जागा पाहिली होती, टायरच्या खुणा पाहिल्या होत्या. ते म्हणाले, "इतक्या लांब घसटत तीसची गाडी जात नाही. पन्नासच्या जवळपास असणार." दादा उभा राहून म्हणाला, "काटा तीसवर होता. माझी बहीण शेजारी बसली होती, तिला विचारा."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी त्या आधी चार माणसांसमोर कधी बोलले नव्हते. पण मी पाहिलं होतं, म्हणून बोलले. "तीसवरच होता. मी बघितला."

"तुला गं कुठले इंग्रजी आकडे येतात?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"पँटीवरचे."

मंडप हसला. बायकासुद्धा हसल्या. कोणीतरी मागून म्हणालं, "काटा बघत व्हती का कंबर मापत व्हती?" आणि परत हसू. मी खांबामागे गेले. दादाचा चेहरा मला तिथून दिसत होता. तो हसण्याकडे लक्ष न देता पुढे गेला, देवीसमोरचा अंगारा उचलून कपाळाला लावला आणि म्हणाला, "काटा तीसच्या वर असंल तर देवी माझ्या घराचं बघून घेईल." त्याबरोबर काका काठी टेकत उठले. त्यांनीही अंगारा घेतला. "गाडी जोरान नसंल तर माझ्या घराचं बघून घेईल." एकाच देवीसमोर दोन शपथा झाल्या होत्या. दोघांतला एक खोटा असणारच, असंच सगळ्यांनी धरलं, आणि उठून घरी गेले.

त्यानंतर दोन्ही घरं वाट बघायला लागली, देवी कोणाच्या घराचं बघते याची. हे लिहायला मला जड जातं. आमच्या गायीला वासरू मेलेलं झालं तर शेजारी आवाज बंद व्हायचा. त्यांच्या पडवीचं छप्पर वाऱ्याने गेलं तर आई हात जोडायची आणि मग आपणच आपल्या तोंडावर मारून घ्यायची. कोणाला साधा ताप आला तरी दुसऱ्या घराला कळू नये म्हणून दार लावून काढा करायचे. दादाच्या पहिल्या मुलाला टायफॉइड झाला तेव्हा काकू अंगणापर्यंत आली. तुळशीपाशी उभी राहिली. आत यावं असं तिच्या तोंडावर दिसत होतं, पण आपण बघायला आलो असं वाटेल, या भीतीने ती तशीच मागे गेली. मुलगा बरा झाला. बरा झाला म्हणून आम्ही खरे, असं आईने धरलं. तिकडे काकांच्या मुलाला नोकरी लागली, म्हणून ते खरे. मग अंगणात भिंत आली. त्यांनी बांधली की आम्ही, ते आता कोणाला सांगता येणार नाही, दोन्हीकडून विटा आल्या होत्या. टोप घेऊन ये अशी हाक बंद झाली. वाल शिजायचे तेव्हा वास मात्र भिंतीवरून यायचा, आणि आई त्या दिवशी मुद्दाम सुकट भाजायची.

मला नाव पडलं, तीस. नदीवर धुणं घेऊन गेले की बायका म्हणायच्या, "सरका, तीस आली." मुलं मागून ओरडायची, "तीस नंबर, कंबर कंबर." मला बघायला पहिलं स्थळ आलं होतं, त्यांच्या कानावरही ते गेलं. परत आले नाहीत. त्या मंडपात एकदा तोंड उघडलं तेवढंच. पुढे लोक मला लाजाळू म्हणू लागले. उल्हासनगरला आले तेव्हा सगळ्यांत बरं हे वाटलं, की इथे कोणी मला तीस म्हणत नव्हतं. नवरा कारखान्यात कटिंगचं काम करायचा, चांगला होता. त्यालाही मी ही गोष्ट पूर्ण कधी सांगितली नाही. एकदा अर्धी सांगितली, तर तो म्हणाला, "तुझ्या भावाने म्हणून टाकायचं होतं, काय बिघडलं असतं?" मी म्हटलं, "हो ना," आणि भांडी घासायला गेले.

दादाने शेठची गाडी अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी परत केली होती. पुन्हा कुठलीच गाडी चालवली नाही. अंबरनाथच्या त्याच कारखान्यात माल चढवायला लागला आणि तिथेच म्हातारा झाला. रिक्षात बसला तरी ड्रायव्हरच्या खांद्यावरून काट्याकडे बघत राहायचा. शेठनी गाडी कोणाला तरी विकून टाकली. बारकू काका बऱ्याच वर्षांनी गेले, वय होऊन. तेव्हा गावातला एकजण दादाला म्हणाला, "बघ, देवीने शेवटी दाखवलं." दादा त्याच्यावर धावून गेला. "म्हातारा व्हता तो. म्हातारी माणसं मरतात. देवीचा काय संबंध?" तो खांदा द्यायला गेला, पण काकांच्या मुलाने हाताने अडवलं. दादा तिरडीच्या मागे, लांबून, शेवटपर्यंत चालत गेला.

आता मध्यंतरीची गोष्ट. माझ्या लेकीची लेक तन्वी लंडनला शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली, गाडी चालवायलाही तिथेच शिकली. सुट्टीवर आली होती. मला दादाला भेटायचं होतं, गुडघ्यांमुळे शेअर रिक्षात चढवत नाही, तर ती म्हणाली, आईच्या गाडीने नेते. मी पुढे बसले. आताच्या गाडीत गोल काच नसते, टीव्हीसारखा पडदा असतो आणि त्यावर नुसता आकडा. अंबरनाथ सोडल्यावर रस्ता जरा मोकळा झाला. पडद्यावर अठ्ठेचाळीस होतं. तन्वीने स्टिअरिंगवरचं एक बटण दोनदा दाबलं, आणि अठ्ठेचाळीसचं तीस झालं.

गाडी हळू झाली नव्हती. झाडं तशीच मागे जात होती, काच अर्धी उघडी होती आणि माझा पदर खांद्यावरून उडत होता. मी विचारलं, "हळू केलीस का गं?"

"नाही आजी. किलोमीटरचे मैल केले. तिथे सगळं मैलात असतं ना, माझा डोळा मैलाला बसलाय."

"म्हणजे तीसच आहे ना?"

"तीस मैल. आपल्या किलोमीटरमध्ये अठ्ठेचाळीस. एकच वेग आहे, आकडा फक्त वेगळा."

मी तिला म्हटलं, बाजूला घे गाडी. तिला वाटलं मला मळमळतंय. मी तिला विचारलं की जुन्या विलायती गाडीत आकड्यांच्या खाली डोंगर, झेंडा आणि एका पायरीची शिडी असते, ते काय असतं? ती माझ्याकडे बघत राहिली. मी बोटाने काचेवरच्या धुळीत काढून दाखवलं. आता मला इंग्रजी अक्षरं ओळखता येतात, दुकानांच्या पाट्या वाचून शिकले. पण ही तीन माझ्या मनात अक्षरं म्हणून कधी नव्हतीच, चित्रं म्हणून होती. काढून झाल्यावर मी स्वतःच वाचलं. एम, पी, एच.

"ताशी मैल," तन्वी म्हणाली. "तिकडे गावात शिरलं की हीच पाटी असते बघ बऱ्याच ठिकाणी, तीस. इथेही तीस, तिथेही तीस, पण तिथलं तीस म्हणजे इथलं जवळजवळ पन्नास. मी पहिल्यांदा गेले तेव्हा फसलेच होते."

म्हणजे त्या देशात दादा बरोबर ठरला असता. काकांचा पाय मात्र तिथेही मोडलाच असता. मला रडू आलं नाही. थकल्यासारखं वाटलं फक्त, खूप लांब चालून आल्यावर वाटतं तसं. एक इयत्ता, मी म्हटलं मनात. पाचवीला इंग्रजी होतं.

दादा घराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पण नजर कमीच. मी त्याच्याजवळ स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगितलं, गाडीतला आकडा, मैल, किलोमीटर, सगळं. तन्वीने दोनदा समजावलं. शेठची विलायती गाडी तीसमध्ये पन्नासचं काम का करायची, तेही. मग त्याने विचारलं, "म्हंजे किती व्हतो मी?"

"अठ्ठेचाळीस," मी म्हटलं.

"काटा तीसवर व्हता."

"काटा तीसवरच होता दादा. तू खोटं बोलला नाहीस."

"ता मना ठाव व्हता गो." तो जरा चिडूनच म्हणाला. "मी खोटा बोललो नाय, ता मना रोज ठाव व्हता." मग भिंतीकडे बघून म्हणाला, "तो पन खोटा बोलला नाय, ता ठाव नव्हता."

भिंतीपलीकडे काठी वाजली. टक्क, मग ठप्प. ती काठी आता काकू वापरते. नव्वदीला आलीय, कंबरेतून वाकलीय, पण काठी तीच, काकांची. दादा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठला. मी त्याचा एक हात धरला, तन्वीने दुसरा. भिंतीला वळसा घालून जायला किती वेळ लागतो, हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं, कारण मी कधी गेलेच नव्हते.

काकू ओट्यावर वाल सोलत बसली होती. कडव्या वालांना मोड आले होते. तिने डोळ्यांवर हात धरून बघितलं. "कोन हाय?"

"मी काकू."

तिने आवाज ओळखला. सोलणारे हात थांबले. दादा पायरीपाशीच उभा राहिला, वर चढला नाही. त्याने मैल, किलोमीटर काही सांगितलं नाही. नुसतं म्हणाला, "मी जोरान व्हतो."

काकू त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मोठ्यान बोल. ऐकू येत नाय मना."

"मी जोरान व्हतो काकू. गाडी जोरान व्हती."

"आज कळला?"

"आजच कळला."

"त्यांना सांगाय पायजे व्हता." ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं खरं ते सांगत होती. मग तिने वालाचं टोपलं थोडं पुढे सरकवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बस. सालपटा वेगळी ठेव." मी ओट्यावर बसले. दादा पायरीवरच बसला. तन्वीला सोलता येत नव्हतं, काकूने तिला दाखवलं, बोटाने दाबलं की दाणा कसा उडी मारून बाहेर येतो ते. देवीचा विषय कोणी काढला नाही. तिने तरी काय करायचं होतं बिचारीने, दोघेही खरे. पन्नास वर्षं आम्ही तिच्याकडे निकाल मागत होतो आणि ती गप्प होती.

निघताना उन्हं उतरली होती. तन्वीने गाडी सुरू केली. मी दादाला त्याच्या खुर्चीत बसवून पदर सावरत होते, तेवढ्यात मागे काठी वाजली. टक्क, ठप्प, ठप्प. मी आणि दादा दोघेही सवयीने गप्प झालो आणि आवाज विहिरीकडे जायची वाट बघत थांबलो. तो विहिरीकडे गेला नाही. भिंतीच्या टोकाला वळला आणि आमच्या अंगणात आला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात वालांनी भरलेला टोप, वर झाकण नाही. दादा परत उठायला लागला.

"बस, बस," काकू म्हणाली. "मी सावकाश येतंय."